चिमे, तू विचारलंस म्हणून

प्रिय चिमे,

रात्रीचे अडीच वाजलेत. कँटीनमध्ये चहा घेतला आणि तुझ्या जुन्या वहीची मागची कोरी पानं काढून लिहायला बसलोय. मंगळवारी अंबरनाथहून परतताना लोकलमध्ये त्या काकूंनी तुला विचारलं, "कितवीत आहेस गं? शाळा कुठली?" तू खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि उत्तर आईने दिलं, की तू शाळेत जात नाहीस, घरीच आमच्याबरोबर शिकतेस. रात्री मी डबा घेऊन निघालो, तेव्हा तू दारात येऊन म्हणालीस, "बाबा, आपण करतो ते खरं शिकणं असतं का?" कंपनीची बस सुटायला आली होती. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरलो. तसं करायला नको होतं. तेव्हापासून रोज ठाण्याहून ऐरोलीला जाताना तुझा प्रश्न माझ्याबरोबर असतो.

तोच मंगळवार घेऊ. अंबरनाथच्या जुन्या शंकराच्या देवळाबाहेर बेलफुलं विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "पांडवांनी एका रात्रीत बांधलंय हे." तू त्यांना विचारलंस, "तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं." तू वहीत लिहिलंस: 'पांडव, एक रात्र. आजींच्या सासूबाई.' मग आपण उत्तरेच्या दाराशी गेलो. आईने आदल्या रात्री उतरवून आणलेलं शिलालेखाचं वाचन तुला दाखवलं. शके 982, शिलाहार राजा माम्वाणी. आपण ज्याला मुम्मुणी म्हणतो, तोच. तू तिथेच पायरीवर बसून 78 मिळवलेस आणि 1060 काढलेस. मला वाटलं, झालं. पण तू पुढे लिहिलंस: 'दगडावर आहे, पण वाचलंय दुसऱ्यांनी.'

चिमे, हे वाक्य तुला मी शिकवलेलं नाही, आईनेही नाही. आजींची गोष्ट तू खोटी म्हणून खोडली नाहीस, आणि दगडाला हात जोडून मोकळीही झाली नाहीस. कोणती गोष्ट कोणाकडून आली, ते नोंदवून ठेवलंस. मी बत्तीस वर्षांचा होईपर्यंत मला असं काही सुचलं नव्हतं. इतिहासाच्या पेपरात मला चांगले मार्क पडायचे, पण 'हे कशावरून?' असं मी एकदाही विचारलं नाही. कोणी विचारूही दिलं नाही.

सुरुवातीला मीही तुला तसंच शिकवत होतो. वसईचा किल्ला आठवतो? तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि शाळा सोडून जेमतेम तीन महिने झाले होते. नातेवाईक विचारतील, मुलीला काही येतं की नाही, ही धास्ती माझ्याच पोटात होती. म्हणून मी वीस प्रश्नांचा कागद करून नेला. पोर्तुगीजांकडून किल्ला कोणी जिंकला? चिमाजी आप्पांनी. कधी? मे 1739. इंग्रजांशी तह कधी झाला? 1802. दिव्याहून वसईची गाडी पकडली तेव्हापासून मी तुझ्या मागे लागलो होतो. तुला त्या पडक्या चर्चच्या फरशीतली थडगी बघायची होती. ओळखीची वाटणारी पण वाचता न येणारी अक्षरं बोटांनी गिरवायची होती. मी म्हणालो, "आधी कागद पूर्ण कर." तू कमानीखाली बसलीस आणि रडलीस. आईने तो कागद माझ्या हातातून घेतला, त्यावर दाण्याची चिक्की ठेवली आणि तुझ्यासमोर धरली. त्यानंतर मी कागद कधी केला नाही. त्या दिवसाबद्दल तुझी माफी मागायची राहून गेली होती, ती आज मागतो.

पुढल्या वर्षी मावशीकडे नाशिकला गेलो, तेव्हा गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची ती भलीमोठी घंटा तू मान वर करून बघितलीस. "ही देवळातली वाटत नाही," म्हणालीस. मावशीने सांगितलं की ती पोर्तुगीजांची, वसईच्या विजयाची आठवण म्हणून टांगलेली. तू इतक्या मोठ्याने "आपल्या वसईची!" म्हणालीस की घाटावरची माणसं वळून बघायला लागली. वीस प्रश्नांच्या त्या कागदात ही घंटा कुठे बसली असती?

कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहायला बसलो तर ही पानं पुरायची नाहीत. आपण चारदा गेलो आणि चारही वेळा मधल्या वारी, कारण लेणी ज्यात आहेत ते राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद आणि रविवारी गर्दी. मला रात्रपाळी आहे हे एरवी आपल्या घराला जड जातं, पण कान्हेरीसाठी तीच बरी पडली. सकाळी घरी येऊन दोन तास झोपायचं आणि घोडबंदर रोडने बोरिवलीची बस पकडायची.

जुलैत गेलो तो दिवस मला सगळ्यांत आवडतो. कातळावर खोदलेल्या चऱ्यांमधून पाणी धावत होतं आणि प्रत्येक लेण्यापाशी खोदलेल्या टाक्यात पडत होतं. तू छत्री मिटून एका चरीच्या मागे मागे गेलीस, ती कुठून येते हे बघायला. तासभर. परत आलीस ती चिंब भिजून, आणि सांगितलंस की वरचं टाकं भरलं की पाणी खालच्याकडे जातं. त्या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत 'पोढी' म्हटलंय, हे मी तुला सांगितलं. दान देणारे कोण, तर कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारीसुद्धा. "म्हणजे आपल्या कल्याणचे?" हो, आपल्याच कल्याणचे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाने डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंसाठी पाण्याची सोय केली आणि आपलं नाव कोरलं. मग तू ब्राह्मीतला 'क' शोधत सुटलीस. तो अधिकच्या चिन्हासारखा असतो, एवढंच मला येत होतं. आता तुला माझ्यापेक्षा बरीच जास्त अक्षरं येतात.

तिथेच तू मला अडवलंस. कोणीतरी भिंतीवर बदाम काढून नावं खरवडली होती आणि मी चिडलो होतो. मग आपण नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख बघितले. इ. स. 1009 आणि 1021 मध्ये लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली नावं तिथे लिहून ठेवलीत. तू म्हणालीस, "त्यांचं चालतं आणि यांचं का नाही? हजार वर्षांनी हेही कोणीतरी वाचेल ना?" मी गप्प बसलो. आजही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की आज जो खरवडतो, त्याला जागा जपायची असते हे ठाऊक असतं आणि तरी तो करतो. हे तुला पटेलच असं नाही.

आणि ठाण्याचा किल्ला. तो तर बघताच येत नाही, कारण त्याचं कारागृह झालंय. आपण कोर्टनाक्याजवळून त्या उंच भिंतीच्या कडेने चालत गेलो. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी. इंग्रजांनी कैदेत ठेवलेले पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे 1816 मध्ये याच किल्ल्यातून निसटले. गोष्ट अशी सांगतात की पहारेकरी गोरे होते, त्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणून एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता मराठी गाण्यातून निरोप पोचवत राहिला. निसटले हे पक्कं. गाण्याची गोष्ट पुढे लिहून ठेवलेली आहे. तू ती वहीत आजींच्या सासूबाईंच्या रकान्यात टाकलीस, आणि तरी घरी येईपर्यंत त्या मोतद्दाराचं गाणं रचत होतीस. मग मी तुला 19 एप्रिल 1910 सांगितला. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला मारल्याबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. तू भिंतीला हात लावलास आणि मासुंदा तलावापर्यंत बोलली नाहीस. मीही बोललो नाही.

आता जे जमलं नाही तेही सांगतो. भागाकारात तू मागे आहेस. तो माझा आळस, तुझा नाही. रोज मधल्या सुट्टीत डबा खाणारी मैत्रीण तुला आम्ही देऊ शकलेलो नाही, आणि आजी यावरून काळजी करते ती बरोबरच आहे. तुला शाळेत जावंसं वाटलं तर सांग. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तुझ्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळायला हवा, मी रजा काढून तुझ्याबरोबर येईन. नाही वाटलं तर चौदा वर्षांची झालीस की मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. दोन्हींत कमीपणा नाही. लोकलमधल्या काकूंना पुढच्या वेळी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला विचारलं असतं तर मी त्यांना तुझी वही दाखवली असती.

बुधवारी मला सुट्टी आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप राहिलाय. गावातले लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला, पण तो आता मुंबईच्या संग्रहालयात आहे, तिकडे नंतर जाऊ. बुरूड राजा कोण, हे तिथे आधी कोणाला विचारायचं ते ठरवून ठेव. वहीला प्लास्टिकची पिशवी घाल, आणि आईला सांग डब्यात थालीपीठ दे, पोळी गार झाली की चिवट होते.

भोंगा झाला. निघतो.

तुझा
बाबा