देसायांच्या वाड्याबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर अर्धंच बोलणं होतं, गावात रेंज जाते, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा आणि वाचून होईपर्यंत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीला कुणाला हात लावू देऊ नका, रद्दीवाल्याला तर अजिबात नको.

बाबा, आधी तुमचं १८६५. न्हाणीवरची फुटकी कौलं उतरवली तेव्हा त्यातलं एक धड कौल मी काथ्यानं घासून धुतलं, मागच्या अंगाला उठावाची अक्षरं निघाली, बेसल मिशन टाईल वर्क्स, मंगळूर, आणि खाली ते साल. येईल त्याला तुम्ही सांगता की आपण राहतो तो देसायांचा वाडा १८६५ चा, पण ते साल वाड्याचं नाही, कारखान्याचं आहे. मिशनऱ्यांनी मंगळुरात नेत्रावतीच्या काठाला कौलांचा कारखाना काढला ते वर्ष, आणि पुढंही ते छापात राहिलं. म्हणजे हे छप्पर १८६५ च्या नंतरचं, एवढंच त्यावरून कळतं. खालचा जांभ्याचा चौथरा आणि माजघराच्या जाड भिंती मला त्याहून जुन्या वाटतात.

पेटीतले देसायांचे कागद मोडी लिपीत आहेत. मी इथं पुण्यात मोडीचा क्लास लावला ते त्याच्यासाठीच. आधी वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची आणि तिच्याखाली सगळी अक्षरं सलग लिहीत जायचं, शब्द कुठं संपला ते आपण ओळखायचं, पहिला महिना तर मला 'देसाई' एवढंच वाचता येत होतं. जुन्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं, सुहूर सन म्हणतात, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की आपलं इसवी सन येतं. इंग्रजांनी आपल्या भागात, बेळगाव-धारवाडकडं, १८४३ ला इनामांची, म्हणजे सारामाफीच्या जमिनींची, चौकशी सुरू केली, मग १८५२ ला त्याचा कायदाच केला. तेव्हा एकेका इनामदाराला सनद दाखव, वंशावळ दे, म्हणून विचारलं. पेटीत तसल्या कैफियतीची, म्हणजे लेखी जबाबाची, नक्कल आहे, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बाई एकही नाही, ना लेक ना सून. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

आता खरं सांगायचं ते. गावात सगळे म्हणतात ना, देसायांनी पत्त्यात घालवलं की सगळं, आणि आपणही चाळीस वर्षं तेच बोलत आलोय. मी जुने उतारे, फेरफार काढून बघितले (तीन हेलपाटे झाले, दोनदा उद्या या), आधीचे मराठीत, १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूरला गेलो त्याच्या पुढचे कन्नडमधे, ते मैत्रिणीकडून वाचून घेतले. पत्ते कुठंच नाहीत. १९५० च्या कायद्यानं परगण्याचं वतन, म्हणजे देसाईपणाचा वंशपरंपरेचा हक्क, गेलं, देसाई नुसते आडनावाला राहिले. मग १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारकडं गेल्या आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून त्या मागून घेतल्या, एकामागून एक सर्व्हे नंबर दुसऱ्याच्या नावावर. ज्यांनी कसली त्यांना मिळाली ते योग्यच झालं, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण एवढा मोठा वाडा आणि खाली शेत नाही, मग कौलं शेकारायला पैसा कुठून येणार? गहाणखत एकच सापडलं, त्यात कारण लिहिलंय, लेकीचं लग्न. जिचं नाव वंशावळीत नसतं तिच्यासाठी घर गहाण टाकलं त्यांनी, आणि आपण त्यांना जुगारी म्हणतो. बाबा, कट्ट्यावर विषय निघाला की तुम्ही तेवढं सांगा, तुमचं ऐकतात लोक.

आई, तुझ्याकडं एक काम आहे. सुगी झाली की तो हेळवी येतो बघ, बैलगाडी घेऊन, सोप्याच्या पायरीशी उभा राहून देसायांच्या नावानं हाक देतो आणि तू सुपातून भात घालून 'ते इथं राहत नाहीत' म्हणून वाटेला लावतेस. पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणं हाच त्यांचा पेशा. इनामाच्या कागदात जे कुणी लिहिलं नाही ते त्याच्या वहीत असेल. यंदा त्याला आत बोलाव, पाटावर बसव, जेवायला वाढ, धोतरजोडी मी पाठवतेय ती दे, आणि देसायांचं सगळं म्हणायला सांग. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू कर, लाल गोल दाबायचा, बाबांना माहीत आहे. म्हणून झालं की एवढंच विचार, ती लेक कुठल्या गावाला दिली?

तुमची,
थोरली