फॉरवर्ड उशिरा घडतो

सातारा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रग्बी लीगच्या अकादमीने या वर्षी तुला घेतलं नाही, हे आईने काल फोनवर सांगितलं. तू खोलीबाहेरही आला नाहीस म्हणे. आजीला बरं वाटेपर्यंत मला इथून लीड्सला परतता येणार नाही, म्हणून लिहितोय.

तू प्रॉप आहेस, पहिल्या फळीतला दणकट फॉरवर्ड, हे विसरू नकोस. कडेने पळणारा वेगवान विंगर सतराव्या वर्षीच नजरेत भरतो. प्रॉपचं काम वेगळं. आपल्याच गोललाइनजवळ बॉल घ्यायचा, समोरच्या तिघांवर आदळायचं, मिळतील तेवढे मीटर मिळवायचे, उठून बॉल टाचेने मागे सारायचा. सहा टॅकल संपले की बॉल त्यांचा, आणि मग अडवायचं काम तुझं. हे बळ अंगात यायला वर्षं जातात. मी कबड्डीत कोपऱ्यावर खेळायचो, तेव्हा माझ्या पकडीला खरा दम विशीनंतरच आला.

नावाजलेला फॉरवर्ड जेमी पीकॉक तर आपल्या लीड्सचाच. तोही स्टॅनिंग्लीच्या हौशी क्लबमधून आलेला. मध्ये ऑस्ट्रेलियात वोलोंगोंगला जाऊन खेळला आणि 1999 मध्ये ब्रॅडफर्ड क्लबकडून मैदानात उतरला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. 2003 मध्ये तोच ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2006 मध्ये सिडनीत ग्रेट ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला 23-12 असं हरवलं, तेव्हा कर्णधार तो होता. ब्रॅडफर्डकडून तीन आणि लीड्सकडून सहा, अशा सुपर लीग या तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेच्या नऊ ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम लढती, त्याने जिंकल्या. शेवटची 10 ऑक्टोबर 2015 ला, ओल्ड ट्रॅफर्डवर, विगनविरुद्ध 22-20. त्या वर्षी लीड्सने तिन्ही करंडक जिंकले. पीकॉक तेव्हा 37 वर्षांचा होता आणि तरीही पहिल्या फळीतच खेळत होता. मला त्याच्या पदकांपेक्षा या वयाचं जास्त अप्रूप आहे.

प्रत्येकाचं असं होत नाही. बहुतेक मुलांचं होत नाही, हे तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. म्हणून हाताला काम हवं. हा खेळ जन्मालाच त्यातून आला. खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू सामन्यासाठी सुट्टी घेत, त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यायची की नाही, यावरून भांडण पेटलं आणि 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब जुन्या रग्बी संघटनेतून वेगळे झाले. पोट आणि खेळ दोन्ही सांभाळणारी ती माणसं होती.

आता एक गोष्ट मात्र मी हट्टाने मागतो. डोक्याला मार लागला तर लपवायचा नाही. निवड हुकेल, कोच नाराज होईल, होऊ दे. गरगरलं, अंधारी आली, की त्याच क्षणी बाहेर यायचं, आणि नंतरही निदान 21 दिवस सामना खेळायचा नाही. फॉरवर्ड दर सामन्यात कितीतरी वेळा आदळतो. अनेक माजी खेळाडू आज मेंदूच्या आजारांनी त्रस्त आहेत आणि त्यांनी खेळाच्या संघटनेला कोर्टात खेचलं आहे. गुडघा पुन्हा शिवता येतो रे, मेंदू नाही.

आपल्या भागातल्या क्लबच्या कोचने तुला मोठ्यांच्या संघाबरोबर सरावाला बोलावलंय ना? जा. तिशीतली, दिवसभर काम करून आलेली माणसं तुला पाडतील, त्यांच्याकडून शीक. एकविसाव्या वर्षापर्यंत मी तुला ‘आता पुरे’ म्हणणार नाही. इलेक्ट्रिशियनच्या कोर्सचा अर्ज मात्र याच महिन्यात भर.

तुझा,
बाबा