यज्दला जाताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इराणच्या सहलींच्या जाहिरातींत यज्दला जेमतेम एक रात्र मिळते. या वाळवंटी शहराला दोन पूर्ण दिवस हवेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि दुकाने दुपारी चार-साडेचार तास बंद असतात. म्हणून मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठावा, गल्ल्या सकाळी फिराव्यात.

दौलताबाद बागेतला बादगीर, म्हणजे वाराबुरूज, सुमारे 33 मीटर उंच आणि अष्टकोनी आहे. वाऱ्याकडच्या झरोक्यांतून हवा खाली येते, विरुद्ध बाजूने गरम हवा वर ओढली जाते. खाली आलेली हवा हौदावरून जाताना गार होते. त्याखाली मिनिटभर उभे राहा, बाहेरचा फोटो काढून निघू नका. पाणी मात्र डोंगरपायथ्याहून कनातीतून, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यासारख्या कालव्यातून, निव्वळ उतारावर येते. ते समजायला अमीर चखमाक चौकाजवळचे जलसंग्रहालय पाहावे.

आतश बेहराम, म्हणजे इथले झरतुष्ट्री अग्निमंदिर. त्याची इमारत 1934 ची, मुंबईच्या पारशांच्या मदतीने उभी राहिलेली. आपल्याकडच्या अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नसतो. इथे काचेतून अग्निदर्शन होते.

सर्वांत मोठी फसगत पैशांची. निर्बंधांमुळे आपली कार्डे तिथे चालत नाहीत, त्यामुळे सगळा खर्च रोख डॉलर किंवा युरोत न्यावा. नोटेवर रियाल, तोंडी भाव तोमानमध्ये. 10 रियालचा एक तोमान. विचारून घेतले नाही तर हिशेब दहापट चुकतो. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचावी, विमा उतरवताना इराण वगळलेला नाही ना, तेही पाहावे.

– एक वाचक, पुणे