नंबर माझ्याकडे का मागता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. १९७७ साली पोस्ट आणि तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि २०१५ साली बीएसएनएलमधून निवृत्त झाले. अडतीस वर्षं फोनच्याच कामात गेली. घरी येणाऱ्या नकोशा फोनांबद्दल हे पत्र लिहिते आहे. हे फोन म्हणजे थोडासा त्रास, कट केला की संपला, असं बरेच जण म्हणतात. माझ्या घरात काय झालं ते आधी सांगते.

फेब्रुवारीतली गोष्ट. माझे थोरले बंधू तासगावला असतात, वय ७६. सकाळी न्हाणीघरात ते चक्कर येऊन पडले, बोलणं अडखळायला लागलं. वहिनींनी आरडाओरडा केला तशी शेजारची मुलं धावून आली. दादांच्या मोबाइलला लॉक. पण त्यांच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर पहिला नंबर माझ्या घरच्या फोनचा आहे. शेजारच्या मुलाने त्याच्या मोबाइलवरून तो लावला. एकदा नाही, तीनदा लावला.

मी घरातच होते, फोनपासून चार पावलांवर डाळ निवडत बसले होते. त्या दिवशी सकाळपासून दोनदा कर्जवाल्यांचे फोन येऊन गेले होते. तिसऱ्यांदा घंटी वाजली. उठून फोनशेजारच्या नंबर दाखवणाऱ्या डबीवर पाहिलं, अनोळखी दहा आकडी नंबर. वाजू दिला. पुन्हा वाजला, तोच नंबर, पुन्हा वाजू दिला. हे लोक एकदा उचलला नाही की लागोपाठ लावतात, हे आता अंगवळणी पडलं आहे. तिसऱ्या वेळी तर मी जागची उठलेही नाही.

दादांना आधी तासगावात दाखवलं आणि तिथून मिरजेला आणलं. मिरज माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. मला कळलं दुपारी चारला, पुण्याहून भाच्याने मोबाइलवर फोन केला तेव्हा. मी पोहोचले तर वहिनी दवाखान्याच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. मांडीवर दादांचं धोतर आणि चष्मा, हातात सही करायचे कागद, आणि पेन कुणाकडे मागायचं हेही त्यांना सुचत नव्हतं. पाच तास त्या तशा होत्या. दादा आता बरे आहेत, डाव्या हाताची पकड तेवढी कमी झाली आहे. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण फोन लावणाऱ्या त्या शेजारच्या मुलाने विचारलं, "आत्या, तुम्ही बाहेर गेला होता का?" मला हो म्हणता येईना.

ट्रंक एक्सचेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, कामाला लागले तेव्हा १८० फिरवून लोक कॉल बुक करायचे. साधा, अर्जंट, नाहीतर सगळ्यात आधी लागणारा लाइटनिंग. प्रत्येक कॉलचं एक तिकीट असायचं. कुठून कुठे, किती वाजता बुक केला, किती वाजता लागला, किती मिनिटं झाली, हे सगळं पेन्सिलीने त्यावर लिहायचं. रात्रपाळीला बहुतेक कॉल वाईट बातमीचे. पलीकडची घंटी किती वेळ वाजते ते कानात ऐकत आम्ही बसायचो आणि कुणी उचलला नाही तर पुन्हा लावायचो. फोन वाजला की माणूस उठणारच, याची तेव्हा आम्हाला खात्री होती. त्या भरवशावर सगळा कारभार चालायचा. तो भरवसा माझ्या स्वतःच्या घरात राहिला नाही, याचं दुःख मला फार आहे.

दवाखान्यातून आल्यावर मी एक वही केली. जुनी सवय कामाला आली. १ मार्च ते ३१ मे, ९२ दिवस, घरच्या फोनवर आलेला प्रत्येक नकोसा फोन तिकिटासारखा लिहिला: तारीख, वेळ, नंबर, काय विकत होते. एकूण नोंदी १३७. त्यातले ५८ कर्ज आणि क्रेडिट कार्डाचे, ३१ विम्याचे, १७ प्लॉट-फ्लॅटचे, ९ शेअर बाजाराच्या टिप्स देणारे. उरलेले २२ उचलल्यावर गप्पच. सगळ्यात जास्त फोन सकाळी साडेदहा ते साडेबारा आणि दुपारी तीन ते पाच, म्हणजे घरात म्हातारी माणसं एकटी असतात त्या वेळात.

ते गप्प फोन काय असतात ते मला विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सांगते. पूर्वी माणूस माणसाला फोन लावायचा. आता कंपनीचं यंत्र एकाच वेळी कितीतरी नंबर लावतं आणि जो उचलेल त्याला मोकळ्या असलेल्या मुलीकडे जोडून देतं. आपण "हॅलो" म्हटल्यावर दोन-तीन सेकंद काहीच ऐकू येत नाही ते यामुळे. मुलगी मोकळी नसली तर फोन तसाच बंद होतो. आपण मात्र ओले हात पदराला पुसत उठलेलो असतो. माझ्या ओळखीच्या एक ऐंशीच्या आजी वॉकर घेऊन फोनपर्यंत येतात आणि त्यांना हीच शांतता ऐकू येते. त्यांना वाटतं आपल्यालाच ऐकू येईनासं झालं.

त्या मुलींवर माझा राग नाही. एकीला मी एप्रिलमध्ये विचारलं, "बाळ, काल नाही म्हटलं, आज परत का लावलास?" ती हळूच म्हणाली, "काकू, मी नाही लावत, कॉम्प्युटर लावतो. तुम्ही नाही म्हणालात ते मी भरते पण उद्या परत येतो." मागे पन्नास जणींचा आवाज येत होता. आम्हीही अशाच एका ओळीत कानाला हेडफोन लावून बसायचो, त्यामुळे तो आवाज मला ओळखीचा आहे. तिला ओरडून काय मिळणार?

आता तक्रारीचं सांगते, कारण पत्र लिहिण्याचं खरं कारण ते आहे.

नकोसे फोन थांबवण्यासाठी सरकारने काही केलं नाही असं नाही. २००७ साली 'डू नॉट कॉल'ची नोंदवही सुरू झाली तेव्हाच मी आमचा नंबर त्यात घातला. २०१० साली ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, नवे नियम केले, ते २०११च्या सप्टेंबरपासून लागू झाले. २०१८ साली पुन्हा नवे आले. २०२५च्या फेब्रुवारीत त्यात सुधारणा झाल्या: तक्रार करायला तीनऐवजी सात दिवस, नोंदणी न केलेल्या टेलिमार्केटरवरच्या (फोनवरून माल विकणाऱ्यांवरच्या) तक्रारीत ३० दिवसांऐवजी ५ दिवसांत कारवाई, आणि कारवाईसाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या तिथे आता दहा दिवसांत पाच पुरे. कागदावर हे चांगलं आहे आणि मी ते मनापासून चांगलं म्हणते.

पण १९०९ला फोन करून तक्रार देताना पहिला प्रश्न येतो: कुठल्या नंबरवरून फोन आला? आमच्याकडे नंबर दाखवणारी डबी गेल्याच वर्षी मुलाने आणून बसवली म्हणून मी सांगू तरी शकते. त्याआधी मी तक्रार द्यायला गेले की "नंबर नसेल तर तक्रार घेता येत नाही" एवढंच उत्तर मिळायचं. नंबर दिसत नाही असे साधे फोन अजून कितीतरी घरांत आहेत. ज्यांना डबीवरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत अशी माणसंही आहेत. त्यांनी काय करायचं?

एक्सचेंजमध्ये काम केलेल्या कुणालाही माहीत आहे की प्रत्येक कॉलची नोंद कंपनीकडे होते. कुठून आला, किती वाजता, किती सेकंद चालला, सगळं. माझ्या यंत्रावर नंबर दिसो न दिसो, त्यांच्याकडे तो असतोच. पूर्वी बायकांना घाणेरडे निनावी फोन यायचे तेव्हा घरची माणसं लेखी अर्ज करायची आणि एक्सचेंजमध्ये त्या लाइनवर लक्ष ठेवून फोन करणाऱ्याचा नंबर काढला जायचा. तेव्हाच्या यंत्रांवर त्याला मेहनत लागायची. आज ते काम कॉम्प्युटरवर क्षणाचं आहे. मग सत्तरीच्या बाईला नंबर का विचारता? तिने वेळ सांगावी, "मंगळवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी कर्जाचा फोन आला" एवढं सांगावं, नंबर कंपनीने स्वतःच्या नोंदीतून काढावा. माझी मुख्य मागणी एवढीच आहे.

या ९२ दिवसांत मी १९०९वर ४० तक्रारी दिल्या. त्यातल्या १४ "माहिती अपुरी" म्हणून बंद झाल्या. सहांना उत्तर आलं की तुम्ही त्या कंपनीला संमती दिलेली आहे. कधी दिली, कुठल्या कागदावर दिली, ते विचारलं तर सांगणारं कुणी नाही. संमती दिली म्हणणाऱ्याने ती दाखवली पाहिजे. एखादं बिल करताना मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पुढे जात नाही असं सांगतात, साडीच्या दुकानात सोडतीची चिठ्ठी भरायला लावतात, त्यालाच संमती म्हणत असतील तर तो अन्याय आहे. खरं म्हणजे मोबाइल नंबरसाठी गिऱ्हाइकावर सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना मे २०२३ मध्येच सांगितलं आहे. गल्ल्यावर बसलेल्या पोराला ते माहीत नसतं. आपण सांगायचं, नंबर देणार नाही, बिल करा. मी सांगते. बिल होतं.

बाकीच्या तक्रारींत "कारवाई केली" असं उत्तर आलं आणि तो एकेक नंबर बंदही झाला असेल. पण तीच कंपनी, तेच कर्ज, वाक्यही तेच, फक्त नंबर दुसरा. माझ्या वहीत एकाच योजनेसाठी १९ वेगवेगळे नंबर आहेत. सिम बंद करून काय उपयोग, ज्याचा माल विकला जातो त्याला हात लागत नसेल तर? फोन करणारा एजंट आमचा नाही, असं म्हणून मोठी नावं सुटतात. कर्ज मंजूर झालं की मात्र व्याज त्यांनाच जातं.

वाचकांना एक गोष्ट कळावी असं वाटतं, कारण शिकल्यासवरल्या लोकांनाही ती ठाऊक नसते. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचे असा नियम आहे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये बँकांना हेच बजावलं. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी कर्ज विकायला लागला तर तो नियम मोडतो आहे हे पहिल्या वाक्यालाच समजावं. माझ्या १३७ नोंदींत १४०चे नंबर फक्त ११. बाकी जवळजवळ सगळे साधे मोबाइल, म्हणजे दिसायला अगदी शेजारच्या मुलाच्या नंबरासारखे. म्हणूनच तर त्या दिवशी मला फरक कळला नाही.

घरचा फोन काढून टाका, हा सल्ला मला रोज मिळतो. मुलगाही तेच म्हणतो. पण हा नंबर तीस वर्षं आमचा आहे. गॅसच्या पुस्तकावर तो आहे, माहेरच्या भिंतीवर तो आहे, माझ्याबरोबर काम केलेल्या मैत्रिणींना तो तोंडपाठ आहे आणि त्यातल्या दोघी अजून त्याच नंबरवर रविवारी संध्याकाळी बोलतात. त्रास दुसऱ्याने द्यायचा आणि नंबर मी सोडायचा, हे मला पटत नाही.

आता मी प्रत्येक फोन उचलते. दिवसातून दोन-तीनदा उठावं लागतं, गुडघे दुखतात, तरी उचलते. शेजारच्या त्या मुलाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर लावला आहे. तासगावला वहिनींच्या कागदावर माझा मोबाइल, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नंबर आणि भाच्याचा नंबर असे तिन्ही घातले आहेत.

वही मी पुढे चालू ठेवली आहे. ट्राय, दूरसंचार विभाग किंवा आमचे खासदार, कुणालाही ती पाहायची असेल तर तारीखवार झेरॉक्स काढून मी स्वतः पोचती करेन. एवढं पत्र छापावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
विश्रामबाग, सांगली