उतरण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ग्रँड कॅन्यनचा बेत काल दोनदा वाचला. मॅथर कॅम्पग्राउंडला तीन रात्रींची जागा मिळाली, छान झालं. पण दुसऱ्या दिवसापुढे तू लिहिलंयस, ‘सकाळी नदीपर्यंत उतरणे, संध्याकाळी तंबूत परत.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

आपल्या सह्याद्रीत गड आधी दम काढतो. पहिल्या तासातच कळतं, आज अंगात किती आहे ते. नाही जमलं तर मागे वळायचं, पुढे सगळा उतारच. तिथे उलटं आहे. तुमचा तंबूच मुळी २१०० मीटरवर, कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटर उंच. तिथून ब्राइट एंजल वाटेने उतरताना सकाळची गार हवा, ताजे पाय आणि बरोबर मित्रमंडळी. सगळं सोपं वाटतं. हिशेब चुकता करायचा तो परतताना. खाली नदीकाठच्या कॅम्पग्राउंडपर्यंत पंधरा किलोमीटर, आणि परतीचा चढ तेराशे मीटरच्या वर. शिवाय वरच्यापेक्षा खाली दहा-बारा अंशांनी जास्त गरम. एका दिवसात नदी गाठून परत येऊ नका, अशा पाट्या पार्कवाल्यांनी उगीच लावलेल्या नाहीत.

मी हे एकदा भोगलंय. नोकरीला लागल्यावरच्या पहिल्या एप्रिलमध्ये मी आणि एक मित्र राजमाचीवरून कोंढाणे लेण्यांकडे उतरलो. उतरायला सव्वा तास लागला, म्हणून जेवायला वर परत येऊ असं ठरवून टाकलं. चढायला चार तास लागले. अर्ध्या वाटेत पाणी संपलं, मित्राला उलट्या सुरू झाल्या. करवंदाच्या जाळीच्या टीचभर सावलीत बसून आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो. राजमाची तर त्या दरीपुढे लहान. तेव्हा उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धर, आणि परत कधी फिरायचं ते घड्याळावर ठरव, पायांना विचारू नकोस.

माझं ऐकशील तर तीन मैलांवरच्या रेस्टहाउसपासून मागे फिरा. तेवढ्यातही साडेसहाशे मीटर चढ होतो. अगदीच उत्साह असेल तर साडेचार मैलांवरचं हवासुपाई गार्डन्स, पण मग पहाटे बॅटरी लावून निघायचं. त्या जागेचं नाव २०२२ साली बदललं. पूर्वी तिला इंडियन गार्डन म्हणत. हवासुपाई हे तिथले मूळ रहिवासी, ते तिथे शेती करत होते, पार्क झाल्यावर त्यांना हुसकावून लावलं. झाडाखाली डबा उघडाल तेव्हा मित्रांना एवढं सांग. नदीकाठी जायचंच असेल तर खालच्या मुक्कामाचं परमिट काढून पुढच्या वर्षी जा. एक रात्र खाली राहिलं की तोच चढ माणसासारखा चढता येतो.

वाटेवर पाण्याचे नळ आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. वरचे नळ थंडी आली की बंद करतात, आणि मुख्य पाइपलाइन साठच्या दशकातली, वरचेवर फुटते. आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरमध्ये विचारून घे. नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. घामावाटे मीठ जातं, वरून पाणीच पाणी, मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं ऊन लागलं म्हणून तो आणखी पाणी पितो. चिवडा आणि खारे दाणे जवळ ठेव, दर विश्रांतीला मूठभर खा. (आईच्या चिवड्यात मीठ कमी नसतं, हे तिला सांगू नकोस.)

ऑक्टोबरात रात्री गारठा गोठणबिंदूजवळ जातो. स्लीपिंग बॅगवर लिहिलेला आकडा मोठेपणाचा असतो, दहा अंश जास्त थंडीची घे. जळण तिथलं गोळा करता येत नाही, विकत घ्यायचं. खाणं तंबूत नको, गाडीत बंद. सिंहगडावरच्या माकडांची जागा तिथे खारींनी घेतली आहे आणि त्या चावतात. एल्क नावाचे थोराड सांबरासारखे नर त्या दिवसांत माजावर असतात, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

आणि एक दिवस पूर्वेकडच्या कड्यावर जा. तिथून ‘विष्णू टेंपल’ नावाचा सुळका दिसतो. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात ही नावं दिली. त्याच दरीत शिवही आहे, ब्रह्माही. तळाशी नदीलगतचा काळा खडक विष्णू शिस्ट, सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर जेमतेम साडेसहा कोटींचा. मला आयुष्यभर वाटत होतं, आपण जुन्या डोंगरात वाढलो!

खाली फोन लागत नाही. वर आलीस की कर. तुझे दुपारचे दोन म्हणजे आमचे रात्रीचे अडीच, तरी कर. आई त्या रात्री झोपणार नाहीच.

तुझा,
बाबा