माझ्या नोकरीबद्दल, एकदाचं लिहूनच

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आई विचारते पर्मनंट कधी होणार, बाबा म्हणतात राहू दे गं, आणि मग बोलणं पाणी आलं की नाही यावर जातं. म्हणून लिहूनच पाठवतेय. मामाने मागे विचारलं होतं, डिजिटल मीडिया म्हणजे जाहिरातीचं काहीतरी ना? मी हो म्हणून टाकलं, सोपं पडलं. पण तुम्हाला तरी नीट माहीत हवं.

तर डाव्या पक्षांच्या आणि चळवळींच्या हातात इंटरनेट आल्यावर त्यांनी त्याचं काय केलं आणि त्यात त्यांचं स्वतःचं काय झालं, हे मी इथे ब्रिटनमध्ये, युनिव्हर्सिटीत, संशोधन म्हणून बघते. सुरुवात स्पेनपासून केली कारण तिथे 2011 च्या मे महिन्यात माद्रिदच्या चौकात पोरं येऊन बसली, कुठल्या पक्षाने बोलावलं नव्हतं, सगळं नेटवरून जमलेलं, आणि 2014 मध्ये त्याच वातावरणातून पोदेमोस नावाचा पक्ष निघाला. बाबा, या पक्षात तेव्हा सभासद व्हायला वर्गणी नव्हती! नाव-नंबर टाकला की झालं, घरबसल्या मतदान. तुम्ही दर महिन्याला पावतीपुस्तक घेऊन सातपूरला गेटवर उभे राहायचात त्याच्या बरोब्बर उलटं. पुढे त्यांच्या पुढाऱ्यांनी स्विमिंग पूलवाला बंगला घेतला, आणि यांनी पदावर राहावं का यावर 2018 ला ऑनलाइन मतदान झालं, 68 टक्के लोक म्हणाले राहा. तुमच्या युनियनच्या सभेत हा विषय आला असता तर काय झालं असतं ते ऐकायला मला फार आवडेल.

पण मला खरं लिहायचंय ते त्याच वर्षीच्या मार्च महिन्याबद्दल. तेव्हा इथे साठहून जास्त युनिव्हर्सिट्यांमध्ये पेन्शनसाठी संप चालू होता, 14 दिवसांचा, त्यातले काही दिवस तर बर्फात गेटवर उभं राहून, आणि बाबा तुम्ही मला व्हॉट्सॲपवर किसान सभेच्या लाँग मार्चचे फोटो पाठवत होतात. 6 तारखेला नाशिकहून निघालेले सुरगाणा-दिंडोरीचे आदिवासी शेतकरी, वनजमिनीचे पट्टे नावावर करा म्हणून 180 किलोमीटर चालत मुंबईला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटची रात्र चालूनच आझाद मैदानात पोचले, आणि आई, तुझी तेव्हा सुपरव्हिजन होती, तू फोनवर रडली होतीस.

त्या 12 तारखेला त्यांच्या हातात सरकारचं लेखी आश्वासन पडलं, आणि संध्याकाळी इथे आमच्या युनियनचा मालकांशी करार झाला. करार वाईट होता. रात्रभर ट्विटरवर सभासदांनी झोडपून काढला आणि 13 ला तो बादही झाला. इथले बरेच जण म्हणतात ट्विटरने करून दाखवलं. मला नाही पटत, म्हणजे अर्धंच पटतं. राग एका रात्रीत सगळीकडे पोचला तो फोनमुळेच, पण सकाळी शाखाशाखांच्या सभा भरल्या आणि हात वर झाले म्हणून करार पडला, शाखाच नसत्या तर नुसता आरडाओरडा राहिला असता. लाँग मार्चचंही तेच. सोललेल्या पायांचे फोटो देशभर फिरले, मुंबईकर पाणी-बिस्किटं घेऊन धावले, चॅनेलवाल्यांना उशिरा का होईना जाग आली. पण गावोगावच्या कमिट्यांनी तांदूळ-डाळ गोळा करून टेम्पो भरलेच नसते तर फोटो कशाचे काढले असते? आणि आश्वासन पाळलं नाही म्हणून ते 2019 ला परत निघाले, 2023 ला परत, तेव्हा फोटो काढायला फोन फारसे कोणी वर केले नाहीत. तरी माणसं निघालीच. माझं सगळं काम आता याच एका गोष्टीवर आहे, कॅमेरे गेल्यावर कोण उरतं आणि का.

आता आई, राग येईल ते. माझं कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपतंय. एका मोठ्या टेक कंपनीत नोकरी मिळत होती, पगार दुपटीच्या वर, ती नाही घेतली. इथेच अजून दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय, पर्मनंट नाही. कामगारांवर पेपर लिहायचे आणि स्वतः कंत्राटी, हा विनोद आमच्या डिपार्टमेंटमध्ये जुना झालाय, तू नव्याने नको करूस.

डिसेंबरमध्ये येतेय. सुरगाण्याला जायचंय, तिन्ही वेळा चाललेल्या बायकांशी बोलायचंय, आणि मी एकटी गेले तर त्या मला सर्व्हेवाली समजून चहा पाजून वाटेला लावतील. बाबा, तुमच्या किसान सभेच्या मित्रांना आधी फोन करून ठेवा आणि तुम्हीही चला, पण गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून. आई, तू येणार असशील तर आपण जीप करू, एसटीचा हट्ट बाबांनी धरायचा नाही.

तुमची,
ताई
(धाकट्याला हे वाचायला देऊ नका, पगाराचं कळलं तर महिनाभर ऐकवेल)