होमस्टेत यजमान राहतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत ‘होमस्टे’च्या पाट्या जेवढ्या वाढल्या, तेवढी त्या पाट्यांमागे नांदती घरे वाढलेली नाहीत. पुळणीला लागून खोल्यांची एक ओळ, मुंबईत किंवा पुण्यात राहणारा मालक, किल्ली देण्यापुरता पगारी माणूस आणि गावातल्या कोणाशीही दोन शब्द न बोलता परत जाणारे पाहुणे, असे चित्र आमच्या गुहागर तालुक्यातही दिसू लागले आहे. अलीकडे आम्ही उभयता फ्रान्सच्या नॉर्मंडी आणि ब्रिटनी या किनारी भागांत हिंडलो आणि मुक्कामाला सगळीकडे घरगुती अतिथिगृहेच निवडली. तिथली घडी पाहिल्यापासून मनात असलेले काही मुद्दे कोकणातील वाचकांपुढे ठेवावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फ्रान्समध्ये ‘शांब्र दोत’ म्हणजे यजमानाच्या स्वतःच्या राहत्या घरातली पाहुण्यांची खोली, आणि ही व्याख्या तिथल्या पर्यटन कायद्यातच आहे. २००७ साली झालेल्या नियमांनुसार अशा खोल्या पाचांहून अधिक आणि पाहुणे एका वेळी पंधरांहून अधिक असू शकत नाहीत; पाहुण्यांचे स्वागत यजमानानेच करायचे असते, न्याहारी भाड्यातच धरलेली असते आणि गावच्या मेयरच्या कार्यालयात आधी नोंद करावी लागते. नियम एवढाच आहे. पण घरात माणूस राहतो या एका अटीमुळे बाकीच्या कितीतरी गोष्टी आपोआप जागेवर येतात. नॉर्मंडीतील मों सें मिशेल या बेटाभोवतीच्या उपसागरात मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळीत तेरा-चौदा मीटरपर्यंत फरक पडतो आणि ओहोटीला उघडी पडलेली वाळू अनोळखी माणसाला अतिशय धोक्याची असते. आमच्या यजमानीण बाईंनी पाव, खारे लोणी आणि घरचा मुरंबा पुढे ठेवतानाच त्या दिवशीच्या भरतीची वेळ सांगितली आणि वाटाड्याशिवाय वाळूत उतरू नका, असे बजावले. आपल्या किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. समुद्र कुठे ओढतो आणि पाणी कधी चढते हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण ते पाहुण्याला सांगणारे घरात कोणी नसते.

जेवणाची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. जिथे रात्रीचे जेवण मिळते तिथे ते फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी, घरच्यांच्याच टेबलावर आणि एकाच प्रकारचे असते. निवड करण्यासाठी यादी पुढे येत नाही. कोकणातील घरगुती खानावळीची मूळ रीत याहून वेगळी नव्हती. आज मात्र पाहुणे नाराज होतील या भीतीने आमच्या भगिनी पनीर आणि नूडल्स शिकत आहेत, आणि कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, चैत्रातली ओल्या काजूंची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी हे पदार्थ घरच्यांपुरते उरले आहेत. जे परसात पिकते आणि होडीतून येते ते त्या दिवशी वाढावे, दर ठरलेला असावा, आणि त्यात कमीपणा मानू नये, असे मला मनापासून वाटते.

शांब्र दोतप्रमाणेच तिथे ‘जीत’ नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात पूर्ण घर, बहुधा आठवड्याच्या हिशेबाने, भाड्याने मिळते आणि स्वयंपाक आपण करायचा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतली माणसे शहरांकडे गेली आणि घरे ओस पडू लागली, तेव्हा ती दुरुस्त करून शहरातल्या कुटुंबांना सुट्टीत द्यावीत, या विचाराने १९५१ साली आल्प्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात पहिले जीत सुरू झाले आणि १९५५ मध्ये अशा घरमालकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. गणपती आणि शिमग्यापुरती उघडणारी चाकरमान्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यापुढे अधिक सांगायला नको. चिऱ्याची भक्कम जोती, पडवी, माजघर असलेली ही घरे पावसाने खचत असताना शेजारीच सिमेंटच्या नव्या खोल्या बांधण्यासाठी कर्ज काढले जाते, हे पाहवत नाही.

किनाऱ्याविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. फ्रान्सच्या १९८६ च्या किनारा कायद्याने वस्तीबाहेरील भागात भरतीरेषेपासून शंभर मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई केली, तर त्याआधीच्या १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनींतूनही तीन मीटर रुंदीची पायवाट सर्वांसाठी खुली केली. ब्रिटनीत पूर्वी तस्करीवर नजर ठेवणारे जकातीचे शिपाई ज्या वाटेने गस्त घालत, ती आज सुमारे दोन हजार किलोमीटरची पदभ्रमणाची वाट आहे. किनारा मोकळा असल्यामुळे चालून दमलेला पाहुणा मुक्कामाला गावात शिरतो आणि त्याचे पैसे गावातल्या घरांत, बेकरीत, मासळीच्या दुकानात जातात.

आपल्याकडे ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, मंडणगड तालुक्यातील वेळासला समुद्री कासवांची पिल्ले पाहण्याच्या निमित्ताने पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, म्हणजे पाया तयार आहे. माझी पर्यटन विभागाला विनंती आहे की, मालक किंवा त्याचे कुटुंब ज्या घरात राहते त्यालाच ‘होमस्टे’ ही पाटी लावू द्यावी आणि बाकीच्यांनी आपल्या व्यवसायाला लॉज किंवा रिसॉर्ट म्हणावे. ग्रामपंचायतींनी अशा घरांची यादी कार्यालयाबाहेर लावावी, आणि पावसाळा सरल्यावर गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पाखाड्या व किनाऱ्यालगतच्या पायवाटा साफ करून त्यांवर दिशादर्शक खुणा कराव्यात. या कामाला मोठा निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेत ठराव झाला तरी सुरुवात होऊ शकेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, गुहागर (जि. रत्नागिरी)